मिस्त्रींची सात गावांची फिरती

तुळशीराम मिस्त्रींच्या पुण्यानुमोदनाला डोणगावात बरीच माणसं जमली होती. त्यांच्याबद्दल चौघे बोलले. चौथा त्यांचा भाचा. तो म्हणाला, मामा आयुष्यभर भेदरट. दोन वर्षं आफ्रिकेला जायची तयारी केली, चार वेळा तारीख ठरवली आणि चारही वेळा भेव वाटलं म्हणून घरी बसले. तो हे मायेनेच बोलला. मंडपात लोक हसले. मिस्त्रींच्या पत्नी कमलबाई डोळे पुसता पुसता हसल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, मिस्त्रींच्या कामाबद्दल तीन-चार मिनिटं चांगलंचुंगलं बोललो आणि खाली बसलो.

जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. ते आता लिहितो. मिस्त्री भिऊन घरी बसले नाहीत. चारही वेळा तारीख हुकली ती माझ्यामुळे. का, ते सांगायचं तर मिस्त्री कसे होते ते आधी सांगावं लागेल.

मी पाणीपुरवठ्याचा शाखा अभियंता होतो आणि ते माझ्या हाताखालचे हापशी दुरुस्तीचे मिस्त्री. बावीस वर्षं एका गाडीतून फिरलो. आमची पहिली भेट पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात झाली. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. अशा मुलखात गोड्या पाण्याची हापशी म्हणजे गावाची इभ्रत. मिस्त्रींची जीभ तिथे तयार झाली. कुणाच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की ते एक घोट घेत, तोंडात फिरवत आणि विचारत, "शाळेजवळची का?" बहुतेक वेळा ती शाळेजवळचीच असे. एका गावच्या सरपंचाने त्यांची फजिती करायची म्हणून तीन विहिरींचं पाणी तीन तांब्यांत भरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी तिन्ही ओळखली आणि वर म्हणाले, "तिसऱ्या तांब्यात पह्यल्याचं मिसळलं, पाटील. आमच्याच जिभेवर कायले प्रयोग करता?" सरपंचाने खरंच मिसळलं होतं.

त्यांचं एक म्हणणं होतं, जीभ खोटं बोलत नाही. लोणारच्या सरोवराचं पाणी खारं, आणि त्याच्याच काठावर धारेच्या झऱ्याचं पाणी गोड. शेजारी शेजारी असून जीभच काय ते सांगते, कागद मागून येतो, असं ते म्हणत. आमच्या भागात हे सगळेच मानत. गोड ते चांगलं, खारं ते वाईट. मी शिकलेला होतो, तरी मनातून मीही तेच मानत होतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या भिण्याची. मिस्त्रींना पुष्कळ गोष्टींची भीती वाटे आणि ते ती मोठ्याने सांगत. विहिरीत दोरावरून उतरायचं असलं की काठावर उभे राहून म्हणत, "मले भेव वाटून राह्यलं, सायेब." आणि उतरत. तुटक्या पुलावर पाणी चढलेलं असलं की ड्रायव्हरला म्हणत, "माह्या पोटात गोळा आला बे, चाल पुढं." भेव सांगितलं की अर्धं होतं, असा त्यांचा हिशेब होता. पुढेपुढे गावात त्यांची ती ओळखच झाली. भेव वाटते म्हणणारा मिस्त्री. ते नंतर काय करतात, हे पाहायला गावातलं कुणी बरोबर नसे. मी असे.

मला भीती वाटली तर मी बोलत नसे. साहेबाने बोलायचं नसतं.

आम्ही दोघंही निवृत्त झालो, त्याच सुमारास एका परदेशी मदतसंस्थेला आमच्या इथल्या बनावटीच्या हापश्या माहीत असलेली दोन माणसं हवी होती. देश होता दक्षिण सुदान. नुकताच नवा झालेला. तिथे कोण जातं? शिपाई, धर्मोपदेशक आणि आमच्यासारखे. एका कोरड्या हंगामाचं काम होतं. जुन्या लढाईच्या आधी खोदून झाकून ठेवलेले पंधराएक बोअर होते. त्यातले सात निवडायचे, हापश्या बसवायच्या, आणि गावातल्या बायांना दुरुस्ती शिकवून परत यायचं. विमानात चढताना मिस्त्री म्हणाले, "मले भेव वाटते," आणि खिडकीची जागा मागून घेतली.

बोअर त्यांनी जिभेने निवडले. पाणी उपसून उपसून स्वच्छ होईपर्यंत थांबायचं, मग एक घोट. आठ नाकारले, सात ठेवले. तिथल्या गावांची नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं दिली. चर्चची हापशी, बाजाराची, आंधळ्या म्हाताऱ्याची, अशी. त्यांची सगळ्यात आवडती चिंचेची. तिथे खरंच एक मोठी चिंच होती. तिथे एक घोट घेऊन त्यांनी लगेच दुसरा घेतला आणि ते म्हणाले, धारेचं पाणी इथवर कसं आलं असन?

बायांशी ते वऱ्हाडीतच बोलत. अचोल नावाची एक उंच तरणी बाई त्यांची सगळ्यात हुशार चेली. ती थोडं इंग्रजी शिकलेली होती. पण मिस्त्रींच्या हाताखाली ती 'सळई', 'वायसर', 'धर' आणि 'सोड' हे शब्द असे शिकली, की पुढे ती दुसऱ्या बायांवर तेच शब्द घेऊन ओरडायची.

एकदा रस्त्यावर बंदूकवाल्यांनी आमची गाडी अडवली. मागे पाईप होते. त्यांना ते काही भलतंच वाटलं. त्यांच्यातल्या एका पोराने ड्रायव्हरच्या छातीला बंदुकीची नळी लावली. मी पुढच्या सीटवर थिजून बसलो. मिस्त्री मागून उतरले. त्यांनी एक पाईप खाली ओढला, त्याचे आटे दाखवले, हाताने हापसण्याची नक्कल केली आणि तिथला पाण्याचा शब्द चार वेळा उच्चारला. मग मोठा पाना त्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "धर बे. नुसता उभा काऊन राह्यला?" त्याने धरला. बंदूक खांद्यावर गेली. दोघांनी मिळून पाईप जोडून दाखवला आणि बंदूकवाल्यांनी आम्हाला सोडलं. गाडी वळणाआड गेल्यावर मिस्त्रींनी मला आपले पाय दाखवले. ते लटलट कापत होते. मग त्यांनी माझे पाय पाहिले. माझे स्थिर होते. "तुमची छाती मोठी, सायेब," ते म्हणाले. माझी पँट ओली झाली होती हे त्यांना दिसलं नाही. मी मांडीवर नकाशा धरून ठेवला होता.

सातही पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून शेजारच्या देशातल्या प्रयोगशाळेत पाठवले होते. तो कागद आला तेव्हा आमच्या निघण्याला दोन दिवस उरले होते. मिस्त्री बाजारात कमलबाईंसाठी मण्यांची माळ बघायला गेले होते. संस्थेच्या खोलीत मी एकटा होतो. सहा नमुने ठीक होते. पाचव्या नंबरात फ्लोराइड इतकं होतं, की तो आकडा मी दोनदा वाचला. पाचवा नंबर चिंचेचा.

आमच्या जिल्ह्यात मी अशा हापश्यांना लाल रंग लावून घेतलेला माणूस आहे. लाल रंग म्हणजे पिऊ नका. असं पाणी पिणाऱ्या लेकरांचे दात तपकिरी पट्ट्यांचे होतात आणि पुढे हाडं वाकतात, हे मी सभांमधून सांगितलेलं आहे. आणि त्याला चव नसते. खाऱ्याला असते. याला नसते.

संस्थेच्या ठाण्यावरून चिंचेच्या गावाला जायला दोन दिवस लागत. वाट तीच, बंदूकवाल्यांची. आठवड्यापूर्वी तिथे एका गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. मिस्त्रींना कागद दाखवला असता तर ते काय म्हणाले असते हे मला पाठ होतं. भेव वाटते म्हणाले असते आणि गाडीत बसले असते. मला त्यांच्या शेजारी बसावं लागलं असतं.

मी कागदाची घडी घालून माझ्या बॅगेत तळाला ठेवली. संध्याकाळी काम सोपवल्याच्या कागदावर सातही हापश्यांपुढे 'पिण्यास योग्य' लिहून सही केली. घरी पोचल्यावर पत्र लिहू, असं मनाशी म्हटलं होतं. वर्षदीड वर्षात तिथे पुन्हा लढाई पेटली, संस्थेने गाशा गुंडाळला, आणि पत्र लिहायला कुणी उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दहा वर्षं त्या कागदाचं नाव निघालं नाही. मग एका दुपारी मिस्त्री मेहकरला माझ्या घरी आले. त्यांचा मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. अचोलने कुठून तरी त्यांचा नंबर मिळवला होता. ती आता चर्चच्या गावातल्या शाळेत मास्तरीण झाली होती आणि तिने शाळेतल्या पोरांचा फोटो पाठवला होता. दहा-बारा वर्षांची चाळीसेक पोरं, सगळी हसणारी.

"दात पाहा, सायेब," मिस्त्री म्हणाले.

मी चष्मा शोधण्यात जरा वेळ घालवला. पाच-सहा पोरांचे दात चष्म्याशिवायही दिसत होते.

त्यांनी विचारलं, "थ्या बाटल्यांचा कागद काय आला होता?"

मी म्हटलं, "सगळं ठीक आलं होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही, त्याही दिवशी नाही. मग पाणी मागाहून बिघडलं असेल, ते म्हणाले. पातळी खाली गेली की बिघडतं, आपल्याकडेही झालं आहे. नाहीतर जीभच चुकली. कोणती हापशी, हे अचोलला सांगता येत नव्हतं. लढाईत गावं विस्कटली होती. एकीकडे जन्मलेलं पोर दुसरीकडे वाढलं आणि तिसरीकडे शिकत होतं. सातही बंद करा म्हणावं, तर बायांनी पाणी कुठून आणायचं? तिथे तपासायची सोय नव्हती. तेव्हा आपणच जायचं, सातही गावांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं. वय तेव्हा सत्तरीला टेकलं होतं.

आमच्या खात्यात मिस्त्रीला महिन्याच्या सुरुवातीला फिरतीचा कार्यक्रम लिहून द्यावा लागे. तारीख, कुठून, कुठे, वाहन, प्रवासी, काम, असे रकाने. साहेबाने खाली 'मंजूर' लिहून सही केल्याशिवाय मिस्त्री ठाणं सोडत नसे. मिस्त्रींनी दक्षिण सुदानचा कार्यक्रम तसाच लिहिला. नातवाच्या वहीत, पट्टीने रेघा मारून. मेहकर ते मुंबई, ट्रॅव्हल्स. मुंबई ते अदिस अबाबा ते जुबा, विमान. जुबा ते वाव, लहान विमान. पुढे सात गावं, सात ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे कामाच्या रकान्यात 'पाणी घेणे'. दोन गावांच्या मधल्या रस्त्यापुढे त्यांनी 'भेव' असा शब्द लिहिला होता. तीन ठिकाणी.

वही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मंजूर करा सायेब. तुमची सही नसन तं पाय उचलत नाई माहा."

हे अर्धं हसण्यावारी होतं. अर्धं नव्हतं.

मी वही ठेवून घेतली आणि आठवड्याने त्रुटी काढून परत केली. ऑफिसात हे मला चांगलं येत असे. पहिल्या वेळी म्हटलं, यलो फीव्हरची लस दाखवलेली नाही, आणि एप्रिलपासून तिकडे रस्ते चिखलात जातात. हा हंगाम गेला. त्यांनी नागपूरला जाऊन लस घेतली आणि पिवळं कार्ड आणून मला दाखवलं. पुढच्या डिसेंबरच्या कार्यक्रमात मी अदिस अबाबाला विमान बदलायला वेळ कमी पडतो असं काढलं, मग परवानग्यांचं, मग विम्याचं. फेब्रुवारी धरला, तर तिकडून चकमकीच्या बातम्या आल्या. त्या मी मोठ्याने वाचून दाखवल्या. प्रत्येक वेळी ते वही घेऊन परत जात, रेघा मारत, नवं लिहून आणत. गावात विचारलं कुणी, की मिस्त्री, आफ्रिकेचं काय झालं, तर ते खरं तेच सांगत. म्हणत, भेव वाटते बा. लोकांना तेवढं पुरे होतं.

दरवाजाची कडी वाजली की मी आधी खिडकीतून कोण आहे ते बघे. फोनवर त्यांचं नाव दिसलं की मी तो वाजू देई आणि मग पाच मिनिटांनी स्वतः करी. झोपेत बॅगेचा तळ चाचपू लागलो. तो कागद मी जाळला नव्हता, हे कशाचं लक्षण होतं मला माहीत नाही. लोखंडी पेटीत, जुन्या पगारपत्रकांखाली तो होता.

अचोलचे निरोप इंग्रजीत येत आणि ते मी मिस्त्रींना समजावून सांगत असे. एका निरोपात तिने विचारलं होतं, तुम्ही बाटल्या नेल्या होत्या, त्यांचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही, ते काय होतं? मी त्या निरोपातलं बाकी सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या पायाचं, ज्वारीचं, शाळेच्या पत्र्यांचं. ते एक वाक्य गाळलं. मिस्त्री मन लावून ऐकत होते.

कमलबाईंनी एकदा मला दारातच गाठलं. म्हणाल्या, "तुमीच समजावा त्याह्यले. नातवाले शाळेत सोडाले गेले तं दम लागते, अन् निघाले तथी. त्याह्यचं काई झालं तं मी कोनाले इचारू?" मी म्हटलं, समजावतो. मला वाटलं, बाई माझ्या बाजूच्या आहेत. त्या विचाराची मला आजही शरम वाटते.

दुसरा पावसाळा उलटला. मिस्त्री चौथी तारीख घालून वही घेऊन आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवीही होती. तिच्यात सात नव्या बाटल्या होत्या, झाकणांना चिकटपट्टी लावलेल्या, नंबर घातलेल्या. शेताची कागदपत्रं कुठे ठेवली ते त्यांनी कमलबाईंना दाखवून ठेवलं होतं. जानेवारीचा दुसरा आठवडा त्यांनी धरला होता. माझ्यापाशी त्याच दिवशी आलेला अचोलचा निरोप होता. वरच्या दोन गावांच्या रस्त्यावर माणसं मारली गेली आहेत. बाबांना सांगा, तिकडे येऊ नका. हा मी शब्दन् शब्द सांगितला.

मिस्त्रींनी वहीत ती दोन गावं शोधली. मग म्हणाले, "दोन गावं सोडून कसं जमन? त्याच दोन्हीतली एक असली तं?"

"मिस्त्री, गोळ्या घालतील."

"हाव. भेव तं लय वाटते." त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "सही करा."

मी म्हटलं, उद्या. ते गेल्यावर मी ओट्यावर बराच वेळ बसून होतो. ती दोन गावं म्हणजे बाजाराची हापशी आणि आंधळ्या म्हाताऱ्याची. दोन्ही पाणी चांगलं होतं. हा माणूस चांगल्या पाण्याची बाटली भरायला जाऊन मरणार होता, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं मला माझी लाज जाण्याची भीती होती. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरी भीती तिच्यापेक्षा मोठी झाली.

सकाळच्या एसटीने मी डोणगावला गेलो. मिस्त्री ओसरीवर सायकलची चेन साफ करत होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना येत नसे, पण आकडे येत. पाचव्या ओळीखाली प्रयोगशाळेने लाल रेघ मारलेली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. बोटाचं वंगण कागदाला लागलं.

"चिंचेची?"

"हो."

"हा कागद कवा आला?"

"आपण निघालो त्याच्या दोन दिवस आधी."

त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत सुलटा केला. आत कमलबाई भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दोन वर्सं झाले," ते हळू म्हणाले, "मी माह्या जिभेले शिव्या देऊन राह्यलो, सायेब. सकाळी उठलो का पाणी पेतो अन् शिव्या देतो. तुमी रोज संगं बसत होते."

मी म्हटलं, मी तेव्हा घाबरलो होतो.

"मंग सांगाचं नं. मी नोयतो सांगत?"

त्यांनी हात पुसले, वही आणली आणि सहा गावांवर रेघा मारल्या. पट्टी घेऊन, सरळ. एकच ओळ उरली. मग त्यांनी अचोलला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमच्या तोंडानं सांगा. कवा आला थेही सांगा."

मी सांगितलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. अचोलने दोनच प्रश्न विचारले. कोणती हापशी, आणि तुम्हाला केव्हापासून माहीत आहे. दोन्हींचं उत्तर दिल्यावर ती म्हणाली, फोन बाबांना द्या. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. निरोप मात्र पाठवते.

चार दिवसांनी चिंचेची हापशी काढली. मिस्त्री ओसरीवर मोबाइल तांब्याला टेकवून बसले होते आणि दहा-बारा बाया तिकडे पाईप ओढत होत्या. चित्र मधून मधून थिजत होतं. मिस्त्री वऱ्हाडीत सांगत, अचोल तिच्या भाषेत ओरडे, आणि मध्येच 'धर', 'सोड' हे शब्द लख्ख ऐकू येत. शेवटची सळई बाहेर आली तेव्हा कुणी हसलं नाही. एक म्हातारी बाई रिकाम्या बोअरजवळ घागर घेऊन उभी होती आणि कुणीतरी तिला समजावत होतं. आता त्यांना चर्चच्या हापशीवर जावं लागणार होतं. जायला दीड तास, यायला दीड तास.

म्हणजे सात गावं फिरायची गरजच नव्हती. माझं एक वाक्य पुरेसं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते सांगितलं असतं तर त्या दोन वर्षांचं पाणी तरी त्या पोरांच्या पोटात गेलं नसतं. त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल मी बोलू शकत नाही.

तरी मिस्त्रींनी फिरती रद्द केली नाही. चर्चवाल्यांकडे बोअर मारायचं यंत्र कोरड्या हंगामात येणार होतं. चिंचेच्या आसपास तीन-चार जागी मारून बघायचं, या वेळी कागद आल्याशिवाय हापशी बसवायची नाही, असं त्यांनी अचोलशी ठरवलं. तारीख तीच ठेवली, जानेवारीचा दुसरा आठवडा.

डिसेंबरमध्ये मी त्यांना भेटायला गेलो. कागद दाखवल्यापासून ते माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नव्हते, पण बोलत होते. त्यांनी वही उघडली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमीही चाला. थ्या बायाइच्या पुढं मी काय सांगू? कागद तुमचा हाय. तुमीच उभं राह्यलं पायजे."

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझ्यापाशी लपवायला काही उरलं नाही, असं मी समजत होतो. मी म्हटलं, माझ्या पासपोर्टची मुदत संपली आहे.

ती संपलेली नव्हती. मस्कतला मुलीकडे जायचं म्हणून मी तो नवा करून घेतला होता आणि गेलोच नव्हतो. मिस्त्रींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पासपोर्टला अजून सहा वर्षं आहेत. मी आज सकाळीच पाहिलं.

मिस्त्री जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेले, सकाळी अंगणात, छातीत कळ येऊन. चौथी तारीख हुकली ती त्या पासपोर्टपायी. अचोलचा परवा निरोप आला आहे. यंत्र आलं, जागा कोण दाखवणार, असं तिने विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. वही कमलबाईंनी मला आणून दिली आहे. बाटल्यांची पिशवीही.

त्या डिसेंबरच्या दुपारचे मिस्त्री मला दिसतात ते असे. पासपोर्टचं ऐकून त्यांनी क्षणभर विचार केला. मग ते चष्मा वर सरकवून हसले, बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, त्यात काय, नवा काढू, महिन्याभरात येतो. फेब्रुवारीतही रस्ता कोरडाच असतो. त्यांनी खोडरबर घेऊन जानेवारी खोडला, फुंकर मारली आणि फेब्रुवारी लिहिला. प्रवाशांच्या रकान्यात एकाचे दोन केले. कमलबाई चुलीपाशी होत्या. तारीख ठरल्यापासून त्यांचं रडणं थांबलेलं नव्हतं. मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठले, आतल्या दाराशी गेले, चौकटीला धरून उभे राहिले आणि त्यांना म्हणाले,

"आता काऊन रडतं? सायेब हायेत न संगं."